कलेजीचा आकडा तक्त्याशी का जुळत नाही?

बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका एम.टेक. विद्यार्थ्याने विचारले आहे: मटणाच्या दुकानातून आणलेल्या बकऱ्याच्या कलेजीवर ओपन-एंडेड कोॲक्सियल प्रोब (केबलसारखी, उघड्या टोकाची मोजणीची कांडी) टेकवून ९०० मेगाहर्ट्झला मोजमाप घेतले. सापेक्ष परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्रात पदार्थ किती ध्रुवित होतो याचे माप) ३९ आणि वाहकता (वीज किती सहज वाहते) ०.७० सिमेन्स प्रति मीटर आली. ऊतींच्या विद्युत गुणधर्मांच्या गॅब्रिएल यांच्या तक्त्यात यकृताचे आकडे ४६.८ आणि ०.८५५ आहेत. मग स्टीलच्या दोन सुया खुपसून एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि रोध मोजणारे यंत्र) १०० हर्ट्झला मोजले, तर परमिटिव्हिटी कोटींच्या घरात गेली. तक्त्यात ती लाखांत आहे. माझे कुठे चुकले? आणि इमेजिंगच्या सिम्युलेशनमध्ये कोणता आकडा घालू, माझा की तक्त्यातला?

या दोन मोजमापांत दोन वेगवेगळे आजार आहेत. आधी ९०० मेगाहर्ट्झचा पाहू.

तुमचे दोन्ही आकडे खाली आले आहेत, आणि जवळपास सारख्याच प्रमाणात, सतरा-अठरा टक्क्यांनी. हा धागा सोडू नका. बहुतेक जण पहिला संशय फ्रिजवर घेतात. पण नमुना थंड असता तर आयनांची हालचाल मंदावून वाहकता उतरली असती (ढोबळ हिशेब अंशामागे दोन टक्क्यांचा) आणि परमिटिव्हिटी उलट किंचित वर गेली असती, कारण थंड पाण्याची परमिटिव्हिटी जास्त असते: २० अंशांना ८०, ३७ अंशांना ७४ च्या आसपास. कलेजी नळाच्या पाण्यात बुडवून ठेवली असती तर क्षार निघून जाऊन वाहकता पडली असती, परमिटिव्हिटी नाही. दोन्ही आकडे एकत्र पडतात तेव्हा प्रोबच्या तोंडाशी असे काहीतरी असते ज्यात पाणीही नाही आणि आयनही नाहीत. म्हणजे हवा, चरबी किंवा सुकलेला पृष्ठभाग.

कलेजीच्या बाबतीत मी आधी तिच्या आवरणाकडे बोट दाखवीन. यकृतावर तंतुमय ऊतीचा पातळ, चिवट पापुद्रा असतो. दुकानात दोन तास टांगून राहिलेल्या कलेजीवर तो आणखी सुकलेला असतो. तुम्ही गुळगुळीत बाजू छान दिसते म्हणून प्रोब तिथेच टेकवला असणार. सगळे तेच करतात, मीही केले आहे. धारदार सुरीने ताजा काप घ्या, आतला ओलसर भाग उघडा करा, मोठी रक्तवाहिनी दिसली तर जागा बदला, आणि कापल्यापासून मिनिटभरात मोजा. पंखा बंद ठेवा. एकाच जागी पुन्हा पुन्हा मोजण्यापेक्षा सहा-आठ वेगळ्या जागी मोजा. पहिल्या पद्धतीने यंत्राची स्थिरता कळते, दुसरीने कलेजीतला फरक.

दुसरा संशयित हवेचा बुडबुडा. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची खूण दिसते: प्रोब उचलून पुन्हा टेकवला की आकडा बदलतो. मग माणूस प्रोब जोरात दाबतो, आणि तिथे दुसरी चूक होते. दाबाने त्या जागचे रक्त आणि पेशींभोवतीचा द्रव बाजूला सरकतो, आणि आकडा पुन्हा खालीच जातो. प्रोब स्टँडला घट्ट बांधा आणि नमुना लॅब-जॅकवर ठेवून हळूहळू वर आणा. याचा दुसरा फायदा असा की केबल हलत नाही. कॅलिब्रेशननंतर केबल वाकली की फेज बदलते, आणि तो बदल तुम्हाला कलेजीचा गुण वाटतो.

आता कॅलिब्रेशन. प्रोब हवेत उघडा, मग शॉर्ट (तोंड धातूने जोडून), मग शुद्ध पाणी, ही तीन पायऱ्यांची पद्धत तुम्हाला माहीत आहे. त्यातली तिसरी पायरी दगा देते. मुंबईत एकदा मे महिन्यात प्रयोगशाळेचा एसी बंद पडला होता. सॉफ्टवेअरमध्ये पाण्याचे तापमान २५ अंश असे आदल्या आठवड्यापासून भरलेले होते, आणि बीकरमधले पाणी प्रत्यक्षात ३१ अंशांवर होते. २५ अंशांना पाण्याची परमिटिव्हिटी ७८.४, ३१ अंशांना ती ७६ च्या थोडी वर. दिवसभराचे सगळे आकडे दोन-तीन टक्क्यांनी चढे आले. एकही आकडा वेडावाकडा नव्हता, म्हणून संध्याकाळपर्यंत कोणालाच संशय आला नाही. तेव्हापासून थर्मामीटर बीकरमध्येच बुडवलेला असतो.

ज्या पाण्याने कॅलिब्रेशन केले तेच पुन्हा मोजून खूश होणे म्हणजे स्वतःच पेपर काढून स्वतःच तपासणे. पडताळणीसाठी वेगळा द्रव हवा. मी ०.१ मोलर मिठाचे द्रावण वापरतो. २५ अंशांना त्याची कमी वारंवारतेची वाहकता १.०७ सिमेन्स प्रति मीटरच्या जवळ असते. परमिटिव्हिटी कमी असलेल्या बाजूची परीक्षा मिथेनॉलने होते. हे दोन द्रव बरोबर आले आणि कलेजी चुकली, तर दोष कलेजीच्या हाताळणीत. द्रवच चुकले, तर कलेजीला हात लावू नका.

प्रोबला नमुन्याचा किती भाग 'दिसतो' हेही विचारून घ्या. लोक समजतात त्यापेक्षा फारच कमी. क्षेत्र आतल्या तारेच्या तोंडाशी दाटलेले असते आणि खोलीबरोबर झपाट्याने विरते, त्यामुळे पृष्ठभागालगतच्या थराचे वजन हिशेबात सर्वाधिक पडते. दोन सेंटीमीटर जाड कलेजी ठेवली म्हणून दोन सेंटीमीटरांची सरासरी मिळत नाही. वरचा पापुद्राच तुमच्या आकड्यात निम्माशिम्मा बोलत असू शकतो.

१०० हर्ट्झची गोष्ट वेगळी आहे. तिथे तुम्ही कलेजी मोजलीच नाही, सुया मोजल्या. धातूत इलेक्ट्रॉन वाहतात, ऊतीत आयन, आणि जिथे ही दोन राज्ये भेटतात त्या सीमेवर प्रभाराचा दुहेरी थर साचतो. तो भल्यामोठ्या कपॅसिटरसारखा वागतो. वारंवारता जितकी कमी तितका त्याचा अडथळा मोठा, आणि दोन इलेक्ट्रोडच्या पद्धतीत तो ऊतीच्या अडथळ्याला थेट जोडला जातो. मीटरला त्यातले काहीच कळत नाही, तो सगळ्याची मिळून परमिटिव्हिटी काढून देतो.

पेच असा की कमी वारंवारतेला ऊतीची खरी परमिटिव्हिटीसुद्धा अफाट असते. मोठा आकडा दिसला म्हणून तो खोटाच, असे म्हणता येत नाही. ओळखायचे कसे? सुयांमधले अंतर दुप्पट करा. ऊतीचा अडथळा अंतराप्रमाणे वाढेल, सीमेवरचा तेवढाच राहील. दोन अंतरांच्या वजाबाकीत सुया निघून जातात. किंवा कलेजीइतक्याच वाहकतेचे मिठाचे पाणी त्याच सुयांनी मोजा. साध्या खारट पाण्यातही परमिटिव्हिटी कोटीत गेली, तर गुन्हेगार सापडला.

खरा उपाय चार इलेक्ट्रोडचा. बाहेरच्या दोघांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोघांवर विभवांतर मोजायचे. आतल्यांमधून प्रवाहच जवळजवळ जात नाही, त्यामुळे त्यांच्या सीमेवरचा अडथळा मोजमापात येत नाही. जवळजवळ म्हणालो, कारण ॲम्प्लिफायरचा इनपुट अडथळा पुरेसा मोठा नसेल तर तो मागच्या दाराने परत येतो, आणि उच्च वारंवारतेला तारांमधली इकडची-तिकडची कपॅसिटन्स गोंधळ घालते. प्लॅटिनमवर काळा प्लॅटिनम चढवला की पृष्ठभाग खडबडीत, म्हणून प्रत्यक्षात मोठा होतो आणि सीमेवरचा अडथळा घटतो. स्टीलच्या सुया शिकण्यापुरत्या ठीक आहेत. पुढे कधी स्नायू मोजायला घेतलात तर तंतूंची दिशा वहीत नोंदवा. कमी वारंवारतेला तंतूंच्या दिशेने वाहकता आडव्या दिशेच्या कितीतरी पट असते, आणि दिशा न लिहिलेला स्नायूचा आकडा निरुपयोगी.

थोडे विषयांतर करतो, कारण त्याशिवाय पुढचे नीट पोहोचणार नाही. १९२५ मध्ये ह्यूगो फ्रिके यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींच्या मिश्रणाची कपॅसिटन्स मोजली आणि पेशीपटलाची कपॅसिटन्स दर चौरस सेंटीमीटरला ०.८१ मायक्रोफॅरड काढली. पटलाच्या पदार्थाची परमिटिव्हिटी ३ धरून त्यांनी जाडी काढली ती ३.३ नॅनोमीटर. पटल डोळ्यांना दाखवू शकेल असा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तेव्हा नव्हता. वारंवारता बदलत मोजत गेले की पेशीची रचना उलगडते, ही या शास्त्राची गंमत. कमी वारंवारतेला पटल प्रवाह अडवते आणि तो पेशींच्या फटींतून वाट काढतो. शेकडो किलोहर्ट्झपासून पुढे पटल कपॅसिटरसारखे 'उघडते' आणि पेशीचा आतला द्रवही वाहू लागतो. त्यामुळे वारंवारता वाढताना परमिटिव्हिटी जी उतरते, त्या उतरणीला हर्मन श्वान यांनी बीटा नाव दिले. तिच्याखाली आयनांच्या सरकण्याची अल्फा, आणि वर गिगाहर्ट्झमध्ये पाण्याच्या रेणूंची गॅमा.

म्हणूनच नमुन्याचा इतिहास मोजमापात उतरतो. प्राणी मेल्यावर अल्फा सर्वात आधी विरते. रक्तपुरवठा थांबला की पेशी फुगतात, त्यांच्यामधल्या फटी अरुंद होतात आणि कमी वारंवारतेची वाहकता आधी घसरते. पुढे पटले फुटू लागली की ती पुन्हा चढते. म्हणजे तीन तासांनंतरचा आकडा 'बरोबर' दिसला तरी तो दोन चुकांची बेरीज असू शकतो. कलेजी डीप फ्रीझरमध्ये ठेवून वितळवली असेल, तर बर्फाच्या स्फटिकांनी पटले फोडलेली असतात आणि कमी वारंवारतेचे मोजमाप व्यर्थ जाते. गिगाहर्ट्झला मात्र पटलांचे फारसे चालत नाही, तिथे पाणी आणि चरबी यांच्या प्रमाणाचे राज्य. तुमचे ९०० मेगाहर्ट्झचे मोजमाप दुकानातल्या कलेजीवर काळजीपूर्वक केले तर चालेल. १०० हर्ट्झचे नाही चालणार, चार सोन्याचे इलेक्ट्रोड लावले तरी.

एक फुकटची तपासणी सांगतो. परमिटिव्हिटी आणि वाहकता हे दोन स्वतंत्र आकडे नाहीत, क्रेमर्स आणि क्रोनिग यांच्या नावाच्या संबंधांनी ते एकमेकांना बांधलेले आहेत. वारंवारतेबरोबर परमिटिव्हिटी जिथे उतरते तिथे वाहकता चढली पाहिजे. आलेखात एक उतरली आणि दुसरी सपाट राहिली, तर दोन्हींवर विश्वास ठेवू नका.

आता तक्त्याबद्दल. १९९६ मध्ये कॅमेलिया गॅब्रिएल आणि सहकाऱ्यांनी 'फिजिक्स इन मेडिसिन अँड बायोलॉजी' मध्ये तीन निबंध लिहिले: जुन्या साहित्याचा आढावा, १० हर्ट्झ ते २० गिगाहर्ट्झची नवी मोजमापे आणि त्यांवर बसवलेली सूत्रे. मोजमापे मुख्यतः ताज्या मारलेल्या मेंढ्यांच्या ऊतींची, काही माणसाच्या शवविच्छेदनातली, आणि जिवंत माणसाची फक्त त्वचा व जीभ. तुम्ही संकेतस्थळावरून उचलता तो ४६.८ हा आकडा त्या दिवशी कोणी मोजलेला नाही. कोल बंधूंनी १९४१ मध्ये दिलेल्या समीकरणाची चार पदे जोडून काढलेल्या वक्राचा तो ९०० मेगाहर्ट्झवरचा बिंदू आहे. नमुन्यांतला फरक १०० मेगाहर्ट्झच्या वर साधारण पाच-दहा टक्के आणि खालच्या टोकाला पंधरा-पंचवीस टक्के असल्याचे लेखकांनीच लिहिले आहे. सिम्युलेशन करणारे हे वाक्य वाचत नाहीत, दशांशानंतरचे तीन आकडे मात्र इमानाने टंकतात. तुमचा फरक पाच-दहाच्या आत असता तर मी म्हटले असते, पुढे चला. सतरा म्हणजे पुन्हा मोजा.

'कोणता आकडा घालू' याचे उत्तर तुमची प्रतिमा कशाची आहे यावर ठरते. फुप्फुसांची इलेक्ट्रिकल इम्पीडन्स टोमोग्राफी (बारीक प्रवाह सोडून आतल्या वाहकतेची प्रतिमा काढणे) करणार असाल तर इतके अडून बसू नका. शेफील्डच्या बार्बर आणि ब्राउन यांच्या जुन्या मांडणीत छातीभोवती १६ इलेक्ट्रोड असतात. शेजारच्या जोडीतून प्रवाह, बाकी जोड्यांवर विभवांतर, अशी २०८ मोजमापे, आणि प्रवाह-विभवांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येत असल्याने त्यातली १०४ च स्वतंत्र. एवढ्या तुटपुंज्या माहितीतून आतल्या प्रत्येक बिंदूची खरी वाहकता काढणे दुरापास्त आहे. म्हणून अतिदक्षता विभागातली यंत्रे आताची फ्रेम आणि मघाची फ्रेम यांतला फरक दाखवतात. तक्त्यात १०० किलोहर्ट्झला हवा भरलेल्या फुप्फुसाची वाहकता ०.१०७ आणि हवा गेलेल्याची ०.२७२ आहे. हवेच्या ये-जा करण्याने वाहकता इतकी बदलू शकते तिथे यकृताच्या सतरा टक्क्यांना कोण विचारतो? आणि छातीचा आकार, इलेक्ट्रोडची जागा यांची चूक दोन्ही फ्रेममध्ये सारखीच असल्याने बरीचशी वजा होते.

मेंदूच्या ईईजीचा (डोक्यावरून टिपलेल्या विद्युत लहरींचा) उगम शोधणारे मात्र निरपेक्ष आकड्यांवरच जगतात. १९९७ मध्ये बाउमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूभोवतालचा द्रव मोजला: २५ अंशांना १.४५ आणि शरीराच्या तापमानाला १.७९ सिमेन्स प्रति मीटर. द्रव तोच, फक्त तापमान वेगळे, आणि फरक तेवीस टक्क्यांचा. त्याआधी कित्येक मॉडेलांत खोलीच्या तापमानाचा आकडा बिनदिक्कत वापरला जात होता.

आणि स्तनाच्या मायक्रोवेव्ह इमेजिंगमध्ये तर अख्खे क्षेत्र 'प्रोबखाली नक्की काय होते' या प्रश्नावर अडले. या कहाणीची सुरुवातीची एक पायरी भारतातली आहे. १९८४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ बायोकेमिस्ट्री अँड बायोफिजिक्स' मध्ये चौधरी, मिश्रा, स्वरूप आणि थॉमस यांनी ३ मेगाहर्ट्झ ते ३ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात निरोगी आणि कर्करोगग्रस्त स्तनऊतींची मोजमापे दिली. कर्करोगाच्या ऊतीचे दोन्ही आकडे निरोगी ऊतीच्या कितीतरी वर होते. आजही या विषयावरच्या निबंधांच्या प्रस्तावनेत तो उल्लेख सापडतो. १९९४ मध्ये अमेरिकेत जॉइन्स यांच्या गटाची मोजमापेही त्याच दिशेची निघाली. एवढा मोठा फरक असेल तर क्ष-किरणांशिवाय गाठ दिसेल, या आशेवर अँटेना बांधल्या गेल्या, प्रबंध लिहिले गेले.

२००७ मध्ये विस्कॉन्सिन आणि कॅलगरीच्या लाझेब्निक आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींची ०.५ ते २० गिगाहर्ट्झची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांनी एक साधी, कष्टाची गोष्ट केली. प्रत्येक मोजमापाच्या जागेची पॅथॉलॉजिस्टकडून तपासणी करून तिथे चरबी किती, ग्रंथीऊती किती हे ठरवून घेतले. मग दिसले की चरबीच्या तुलनेत कर्करोग दहापटीपर्यंत वेगळा आहे, पण ग्रंथीऊतीच्या तुलनेत जेमतेम दहा टक्के. कर्करोग बहुतेक वेळा उगवतो ग्रंथी आणि नलिकांतच. जुन्या मोजमापांतल्या 'निरोगी' नमुन्यांत चरबीच बरीच होती, असे माझे मत आहे. आकडे चुकीचे नव्हते, 'निरोगी' हा शब्द ढिला होता.

गोष्ट तिथेही संपली नाही. डार्टमथच्या पॉल मिनी यांनी याच प्रोबची खोली तपासली आणि प्रोब धरले जाते त्यापेक्षा बराच उथळ पाहतो, असे २०१६ मध्ये दाखवले. प्रोब अर्धा मिलिमीटर पाहत असेल आणि पॅथॉलॉजिस्टने कित्येक मिलिमीटरांतली चरबी मोजली असेल, तर आकडा एका ऊतीचा आणि लेबल दुसऱ्याचे. तुमच्या कलेजीच्या पापुद्र्याचीच ही मोठी भावंडे.

तेव्हा सिम्युलेशनसाठी माझा सल्ला: पार्श्वभूमीच्या ऊतींना तक्त्यातले आकडे द्या. ज्या ऊतीवर तुमचा निष्कर्ष टेकलेला आहे तिला स्वतः मोजलेले द्या, पडताळणी पार पडली असेल तरच. मग तो आकडा दहा टक्के वर आणि दहा टक्के खाली नेऊन प्रतिमा पुन्हा काढा. गाठ तरीही जागेवर दिसली तर ठीक. नाहीशी झाली तर प्रबंधात तेच लिहा, परीक्षकाने शोधून काढण्याआधी.

माणसाच्या ऊतींकडे वळाल तेव्हा नैतिक समितीची परवानगी लागेलच, पण पॅथॉलॉजी विभागाशी बोलणे त्याहून आधी. काढलेल्या गाठीची कड रुग्णाच्या पुढच्या उपचारासाठी तपासायची असते. तिथे प्रोब दाबून ऊती चेंगरणे कोणालाही परवडणारे नाही. त्यांनी ठरवून दिलेल्या जागीच मोजा आणि त्या जागी शाईचा ठिपका लावायला सांगा, म्हणजे स्लाइडवर तीच जागा सापडेल.

आत्ता करायचे ते एवढे: ०.१ मोलर द्रावण बनवा, ५०० मेगाहर्ट्झ ते ३ गिगाहर्ट्झ मोजा, आणि सोबत पाण्याचे, द्रावणाचे व खोलीचे तापमान लिहून आलेख पाठवा. सकाळी दुकान उघडताच कलेजी घ्या, धुवू नका असे आधीच सांगा (खाटीक सवयीने धुतोच), प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून, बर्फाला थेट न लावता आणा, आणि प्राणी केव्हा कापला ती वेळ विचारून घ्या. ती वेळ आकड्याशेजारी लिहायची आहे.